जादाचा खांब

"आता आपल्या घरात कुणीच उरलं नाही," धाकटा म्हणाला, आणि त्याचा थोरला भाऊ तर समोरच बसला होता, पंख्याखालच्या खुर्चीत, हातात चहात बुडवलेलं बिस्किट घेऊन. बिस्किट मऊ होऊन वाकलं आणि बशीत पडलं. कुणाचं लक्ष नव्हतं. ताई भिंतीला उशी लावून पलंगावर टेकली होती, भाऊजी खिडकीशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते, आई हातातल्या रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. भाऊजींचा रक्तगट जुळला नव्हता. धाकट्याचा जुळला होता, बाकीचंही सगळं जुळलं होतं, पण शेवटच्या तपासणीत त्याची साखर निघाली आणि साखरेच्या माणसाची किडनी घेत नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकायलाच सगळे जमले होते. धाकट्यानं सांगितलं, दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि मग ते वाक्य म्हणाला. सगळ्यांनी मान हलवली. थोरल्यानंही हलवली. हे त्याला नंतर जिना उतरताना आठवलं आणि तो मधल्या पायरीवर थांबला. घरात कुणी उरलं नाही याला आपणही रुकार दिला, आणि वर दुसरं बिस्किट घेतलं.

एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं, असं तो घरी पोचेपर्यंत स्वतःला बजावत राहिला. धाकट्याच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. सगळे डबे उघडून पाहून चहापत्ती संपली म्हणावं, इतक्या साध्या मनानं तो बोलला होता. ताईचं दुखणं कळल्यापासून घरात काय कमी चर्चा झाली? कुणाचा रक्तगट काय, कुणाचं वय काय, कुणाच्या पोटाचं आधी ऑपरेशन झालंय. एका मावसभावाचंही नाव निघालं, जो ताईला तिच्या लग्नानंतर जेमतेम दोनदा भेटला असेल. आणि तो स्वतः तर प्रत्येक बैठकीला हजर असायचा. दवाखान्यात डबा पोचवायलाही हजर, म्हणजे डबा बायकोनं भरायचा, पिशवी धाकट्यानं उचलायची आणि त्यानं गाडीत पुढच्या सीटवर बसायचं. त्याचा आणि ताईचा रक्तगट एकच होता, हे त्याला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. ते तो बोलला नव्हता. बोलायचं राहून गेलं, असं तो मनाशी म्हणायचा, जणू गर्दी फार होती आणि त्याची पाळीच आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून खांबांचं काम सुरू व्हायचं होतं, ते एका अर्थी बरंच झालं. तो आर्किटेक्ट होता आणि एका जुन्या सभागृहाचा नवा दर्शनी भाग सध्या त्याच्या हातात होता. सभागृहाचे मालक हौशी गृहस्थ. "खांब पाहिजेत," पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, "खांबांतून गेल्याशिवाय माणसाला आपण कुठं आत शिरलो असं वाटतच नाही." वरचा स्लॅब भिंतींवर बसलाय, खांबांना उचलायला काही नाही, ते नुसते शोभेचे होतील, असं त्यानं सांगून पाहिलं. "होऊ द्या की शोभेचे," मालक म्हणाले, "शोभेनं कुणाचं काय बिघडलंय?" मग सहा खांब ठरले, प्रत्येक अखंड दगडाचा, लेथवर गोल उतरवलेला, सायीच्या रंगाचा. माथा आणि स्लॅब यांच्यात बोटभर फट ठेवायची आणि ती मऊ मसाल्यानं बुजवायची, म्हणजे उद्या स्लॅब जरा खाली आला तरी दगडावर भार येत नाही. ही फट त्यानं स्वतः नकाशात काढली होती आणि मिस्त्रीला पुन्हा पुन्हा बजावली होती. मिस्त्री दाढ सुजल्यामुळे एकाच गालानं बोलत होता, पण बोलणं काही कमी झालेलं नव्हतं. "साहेब, जन्मभर खांबावर छत ठेवत आलो," तो म्हणाला, "आता छताला लागू न देता खांब ठेवायचा. बरं आहे बुवा याचं. उभं राहायचं, काम काही नाही." आजूबाजूची माणसं हसली. तोही हसला, पण जरा उशिरा.

क्रेनचा पट्टा खांबाच्या कमरेला आवळला जाई, चालक हळूहळू दांडा ओढी, आणि जमिनीवर आडवा असताना बोजड वाटणारा दगड हवेत उभा होता होता एकदम नाजूक दिसू लागे. खाली दोघं जण त्याला हातांनी धरून वळवत, बैठकीतून वर आलेल्या सळईवर त्याच्या बुडाचं भोक नेमकं आणत, मिस्त्री ओळंबा सोडून एक डोळा मिटत असे आणि मग एका गालानं ओरडे, "सोड!" पहिला खांब वर गेला तेव्हा त्याला भीती वाटली, ते साहजिक होतं. दुसऱ्याच्या वेळी त्याला त्या भीतीची वेगळीच चव कळली. तो वाट बघत होता. पट्टा सरकेल, कड कुठंतरी लागेल, एखादा टवका उडेल, आणि मिस्त्री कपाळावर हात मारून म्हणेल, आणा आता तो जादाचा. आपण हे चिंततोय हे त्याच्या लक्षात आलं. खाली माणसं उभी होती. त्यांतल्या एकाला नुकतीच मुलगी झाली होती आणि त्यानं सकाळी सगळ्यांना पेढे वाटावेत तशा कौतुकानं फोनमधला फोटो दाखवला होता. त्या माणसाच्या डोक्यावर दगड लटकत असताना आपल्याला तो फुटायला हवा आहे? तो मागे फिरला, रस्ता ओलांडून पलीकडे गेला, एका चपलांच्या दुकानाच्या काचेसमोर उभा राहिला आणि किती तरी वेळ एकाच बुटाकडे बघत राहिला. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "तुमचा नंबर सांगा, काढून दाखवतो." त्याला स्वतःच्या पायाचा नंबर आठवेना.

जादाचा म्हणजे सातवा. दगडवाल्याच्या आवारात तो निवडीला गेला होता तेव्हा हे खांब नुकतेच लेथवरून उतरले होते आणि करवतीच्या पांढऱ्या भुकटीखाली सगळे सारखे मुके दिसत होते. कोरडा दगड आपला रंग दाखवत नाही, म्हणून निवडताना त्यावर पाणी मारायची पद्धत. दगडवाला अंगानं दांडगा, पण बादलीतलं पाणी हातानं शिंपडायचा ते झाडाला घालावं इतकं हलकेच. पाणी पडलं की दगड जागा व्हायचा. कुठं पिवळी झाक, कुठं शिंपल्याचे बारीक तुकडे. आणि सातव्यावर पाणी पडलं तेव्हा एक राखाडी-निळी रेघ बुडापासून निघून खांबाला वळसा घालत घालत माथ्यापर्यंत गेलेली दिसली. त्यानं बादली स्वतः घेतली आणि पुन्हा पाणी मारलं. "सहा सांगितले की आम्ही सात काढतो," दगडवाला सांगत होता, "वाटेत नाहीतर चढवताना एखादा जातोच. यांतला जरा डावा बघून जादाचा ठरवा, म्हणजे लागला तर लागला." तो म्हणाला, "हा जादाचा." दगडवाल्यानं त्याच्याकडे आणि खांबाकडे आळीपाळीनं पाहिलं. "साहेब, उलटं करताय. हा तर नवरदेव आहे यांतला." "म्हणूनच," तो म्हणाला, "हा पहिल्याच फेरीत फुटला तर?" त्या क्षणी हे कारण त्याला अगदी बिनतोड वाटलं होतं. मग तिथं उभं राहून त्यानं सातव्याला पेंढ्यात घालायला लावलं, वरून गोणपाट, वरून फळ्यांची पेटी. बाकीचे सहा नुसत्या ओंडक्यांवर दोर टाकून ट्रकवर चढले. "आधी सुकू तर द्या जरा," दगडवाला म्हणाला होता. "नको, उघडा राहिला तर कुणाचा तरी धक्का लागेल," असं तो म्हणाला होता.

असं कुणाला गुंडाळून ठेवायचं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सात वर्षांचा असताना त्याला ताप आला, सांधे सुजले, आणि तापानं हृदय धरलंय असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर तो अंथरुणात होता. त्या वर्षातलं त्याला छतावरचं एक ओलीचं वर्तुळ आठवतं आणि दाराबाहेर भावंडांना गप्प करणारा आईचा आवाज. धाकट्यानं तेव्हाच त्याला 'काचसामान' नाव ठेवलं; धाकटा तीन वर्षांचा, त्याला तो शब्द नीट उच्चारताही यायचा नाही. बरा झाल्यावर धावायचं नाही, जिना चढायचा नाही, असा हुकूम निघाला. घर तिसऱ्या मजल्यावर. मग ताई त्याला पाठीवर घ्यायची. ती बारा वर्षांची, काडीसारखी. तिच्या वेणीचं टोक त्याच्या नाकात जायचं, तिच्या पाठीच्या मणक्यांचे खडे त्याला पोटावर टोचायचे, आणि दर मजल्यावर ती कठड्याला टेकून म्हणायची, "घोडा दमला हो." तो तिच्या कानात फुंकर घालायचा, म्हणजे घोडा पुन्हा चालायचा. पुढं डॉक्टरांनी जिन्याला परवानगी दिली. पण कुणी घोड्याला तसं सांगितलं नाही, आणि शाळेतून आल्यावर ती जिन्यापाशी वाकून उभी राहायची ती राहायचीच. तोही हात टाकायचा तिच्या गळ्यात. तिथं, तिच्या पाठीवर, वर जाताना त्याला जगात कशाचीच भीती नसायची. नोकरीला लागताना एका तज्ज्ञ डॉक्टरनं त्याला तपासलं आणि हसून सांगितलं की तुमच्या हृदयाला कधीकाळी काही झालं होतं याची खूणसुद्धा उरलेली नाही. तो घरी येऊन हे बोलला. आई म्हणाली, "त्यांना काय कळतंय," आणि त्याच्या हातातली पाण्याची कळशी काढून घेतली. बाबा गेले त्या दिवशीही सगळे धावपळ करत होते आणि त्याला खुर्ची आणून दिली होती. पुढंपुढं आपण खुर्चीकडे न बघताच बसायला लागलो, हे त्याला आत्ता, या चार दिवसांतच दिसायला लागलं होतं.

चार खांब उभे राहिले. संध्याकाळी घरी आल्यावर तो एका जागी बसेना. पाणी प्यायला उठे आणि न पिता परत येई, टीव्ही लावी आणि आवाज बंद करी. बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुला विचारलं नाही याचं तुला वाईट वाटतंय, की बरं वाटतंय?" असा प्रश्न इतक्या सरळ विचारायची तिची खोडच होती. तो म्हणाला, "कशाबद्दल बोलतेयस?" तिनं एक काडी बाजूला टाकली. "मला खरं विचारशील तर मला बरं वाटलं," ती म्हणाली. "ताई मला परकी नाही. पण बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून मग रात्री मला जेवण गेलं नाही." तो तिच्याकडे बघत राहिला. हिला हे किती सोपं होतं. त्याला तर दोन्ही वाटत होतं आणि दोन्हींतलं एकही पुरतं वाटत नव्हतं. सुरी, दिवे, नळ्या, पोटावरचा लांब टाका, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं येई. आपल्याला कुणी विचारू नये असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. आणि कुणी विचारलं नाही याचा त्याला इतका राग येत होता की धाकट्याचा फोन आला तरी तो उचलत नव्हता. "मी भित्रा आहे," तो म्हणाला. "ते आहेस," बायको म्हणाली, "पण ते काय तुला आज कळलं?" आणि मग तिनं निवडलेली भाजी तशीच ठेवून त्याचा हात धरला.

पाचवा खांबही सुखरूप उभा राहिला. आता एकच उरला होता. सकाळी तो आला तेव्हा सहाव्याला पट्टा लागलेला होता आणि मिस्त्री हात चोळत होता. दाढ काढून आल्यानं आज तो दोन्ही गालांनी बोलत होता. "दुपारपर्यंत मोकळे," तो म्हणाला, "एक टवका उडाला नाही, बघा. असं काम तुम्हाला कुठं बघायला मिळणार नाही. तो जादाचा तेवढा कुठं टाकायचा ते सांगा, मालक म्हणतात मागच्या बाजूला बाक करू त्याचं." बाक. त्याच्यावर माणसं बसतील, चप्पल घासतील, शेंगांची टरफलं टाकतील. पेटी भिंतीच्या कडेला पडलेली होती, तिच्यावर सिमेंटची रिकामी पोती आणि कुणाचा तरी डबा ठेवलेला. तो म्हणाला, "पेटी उघडा." मिस्त्रीला वाटलं नुसतं बघायचंय. "आणि सहावा बाजूला घ्या. हा उभा करा." मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "सहाव्याला काय झालंय?" "काही नाही." "मग?" "मग काही नाही. सहावा जादाचा, आणि जादाचा सहावा." "साहेब," मिस्त्री आवाज उतरवून म्हणाला, "बरं वाटतंय ना तुम्हाला? पाणी आणू?" "उघडा हो तुम्ही," तो ओरडला. या कामावर तो पहिल्यांदाच ओरडला होता. क्रेनचालकानं इंजिन बंद केलं.

फळ्या निघाल्या, गोणपाट फाडलं, पेंढा हातांनी ओढून काढला. पेंढ्याला कुबट वास येत होता. आणि खांबाच्या मध्यावर, निळी रेघ जिथं वळसा घेत होती बरोबर तिथं, कमरेभोवती एक तपकिरी पट्टा उमटलेला होता. कडांना गडद, मध्ये फिकट, खाली ओघळ. त्यानं बोटानं घासून पाहिलं. वरचा नव्हता, आत मुरलेला होता. ओल्या दगडाला पेंढ्यात बांधलं की पेंढ्याचा रंग उतरून दगडात जातो, हे या धंद्यातल्या पोरासोरालाही माहीत असतं. त्यालाही माहीत होतं. पाणी मारून मारून त्यानंच तो ओला केला होता, डोळे भरून बघितला होता, आणि धक्का लागेल म्हणून सुकूही न देता बांधला होता. उन्हापावसात, दोरांवर, ओंडक्यांवर गडगडत आलेले ते पाच खांब समोर लख्ख उभे होते. "कुणी चहा सांडला काय याच्यावर?" मिस्त्रीनं विचारलं, ते ऐकून तो हसायला लागला. हसता हसता त्याला थांबता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही हे आजूबाजूच्यांना कळलं, तशी माणसं उगीचच दोर गुंडाळायला लागली. "जाऊ द्या साहेब," मिस्त्री जरा वेळानं म्हणाला, "सहावाच चढवतो." "नाही," तो डोळे पुसून म्हणाला, "हाच. मातीचा लेप लावून ठेवू, ओढून घेईल थोडा डाग. नाही घेतला तर राहील." "मग निदान डाग भिंतीकडे फिरवतो." तो विचारात पडला. ही गोष्ट मात्र त्याला खरोखरच ठरवता येईना. शेवटी म्हणाला, "रेघ समोर येऊ द्या. तिच्याबरोबर जे येईल ते येईल."

खांब उठला तेव्हा त्यानं स्वतः जाऊन खालून हात लावला. "साहेब, बाजूला व्हा," खांब वळवणाऱ्या दोघांतला एक म्हणाला. तो झाला नाही. त्याच्या हाताचा काही उपयोग नव्हता, वजन सगळं पट्ट्यावर होतं, पण दगड गार होता आणि वळताना त्याच्या तळव्याला घासत होता. मिस्त्रीनं ओळंबा सोडला, डोळा मिटला. "सोड!" खांब बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डागाकडे बघून सगळे जरा ओशाळल्यासारखे झाले होते. त्यानं कपडे झटकले आणि बायकोला फोन लावला. "मी ताईकडे जातोय," तो म्हणाला. पलीकडे कुकरची शिटी झाली, मग दुसरी. "मग?" "मग तिथून दवाखान्यात." "बरं," ती म्हणाली, "मी तिकडे पोचते. आणि कोरड्या पोटी जाऊ नकोस, चक्कर येऊन पडशील, मग आणखी एक माणूस बघायचं."

ताई एकटीच होती. दुपारी तिला डायलिसिसला जायचं होतं, भाऊजी गाडी घेऊन यायचे होते, आणि ती केस विंचरून, पिशवी भरून, पलंगाच्या काठावर बसली होती. तिचे पाय सुजले होते आणि चेहरा त्या मानानं एवढासा झाला होता. त्याला बघून ती पहिलं काय बोलली असेल? "जिना चढून आलास? लिफ्ट बंद आहे ना आज." तो दम खात उभा राहिला. खरं म्हणजे धाप जिन्याची नव्हतीच. "ताई, माझं तपासून घ्यायला सांग," तो एका दमात म्हणाला. तिनं कंगव्यातले केस काढले, बोटाला गुंडाळले. "काय तपासून?" "तुला कळतंय." "बस आधी," ती म्हणाली, "पंखा लाव." "मला बसायचं नाही. आपल्या दोघांचा गट एक आहे, तुला माहीत आहे. धाकट्याचं झालं, भाऊजींचं झालं, त्या मावसभावाचं नाव निघालं. मी समोर बसलो होतो. मी काय खुर्ची आहे का, ताई? मला एका शब्दानं कुणी का नाही विचारलं?" आवाज चढला आणि मध्येच फाटला. ती त्याच्याकडे बघत होती, रागावून नव्हे, अवघडून, चोरी सापडलेल्या मुलासारखी.

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," ती म्हणाली, "की तुम्हाला भावंडं किती. मी म्हणाले, एक भाऊ आहे."

बाहेर कुणीतरी दुचाकीला लाथा मारत होतं, ती सुरू होत नव्हती. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "एक?" "धाकटा एकटाच सांगितला. आणि त्याला दम देऊन ठेवला की तुझ्यापाशी हा विषय काढायचा नाही." "अगं पण का?" "का म्हणजे?" तिला तो प्रश्नच समजला नाही. "तुझ्या अंगाला सुरी लावायची? आईनं वर्षभर तुझ्या उशाशी बसून काढलं ते यासाठी? मी तुला तीन जिने वर नेलं ते यासाठी? मला नाही जमायचं ते. माझं व्हायचं ते होईल." मग तिचा आवाज उतरला. "एकदा रात्री मनात आलं होतं, तुझा गट तोच आहे. नाही असं नाही. इतकी भीती वाटली मला स्वतःचीच. उठून बसले." ती रडत नव्हती. बोटाला गुंडाळलेले केस सोडवत होती, गुंडाळत होती. त्याला वाटलं, आपण इतके दिवस ज्याला विसरणं म्हणत होतो ते हे होतं. हिनं आपल्याला मोजलंच नाही, म्हणजे आपण शिल्लक राहावं म्हणून. आणि त्याला हेही कळलं की या प्रेमातून माणूस बाहेर निघाला नाही तर आयुष्यभर तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी त्याला नेत राहतं, स्वतः मोडेपर्यंत. राग गेला नव्हता. उलट तो आता खरा रागावला होता, आणि तिला पोटाशी धरावं इतकी माया त्याच रागात होती. "ऊठ," तो म्हणाला, "आज मी नेतो तुला. भाऊजींना गाडी घेऊन खालीच थांबायला सांगतो." त्यानं पिशवीला हात घातला. "अरे ती जड आहे!" ती ओरडली. त्यानं पिशवी खांद्याला लावली, दुसरा हात तिच्या काखेत घातला, आणि ते दोघं एकेक पायरी उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, कठड्याला टेकली, धापा टाकत राहिली. तो वाकला आणि त्यानं तिच्या कानात हलकेच फुंकर घातली. ती दचकली. मग तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि खालचा जिना दोघांनीही नीट दिसत नसताना उतरला.

दवाखान्यात ताईला पलंगावर घेतलं, हातात सुया लावल्या, यंत्र सुरू झालं. बायको आली होती. ती ताईच्या पायांशी उभी राहिली, तिचे सुजलेले पाय चादरीनं झाकत राहिली. किडनीदात्यांचं बघणाऱ्या बाई आल्या. चष्म्यावरून त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आपण यांचे कोण?" "भाऊ." "पण यांच्या भावाचं झालंय ना तपासून? यांना एकच भाऊ आहे असं सांगितलं होतं." त्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. "दोन आहेत," तो म्हणाला, "मी मधला." बाईंनी मान डोलावली, जुळेल न जुळेल ते सगळं नंतरचं, आज फक्त रक्त द्या, असं सांगितलं आणि रक्त घेणाऱ्या मुलीला हाक मारली. तिनं त्याला ताईच्याच पलंगाशेजारच्या स्टुलावर बसवलं, बाही वर सरकवायला सांगितली, दंडाला रबरी पट्टी आवळली. सुई वेष्टणातून बाहेर आली. स्टुलाचा एक पाय फरशीवर टकटक वाजायला लागला आणि तो त्याला थांबवता येईना. त्यानं हात मात्र मागे घेतला नाही.

शेजारून, दोन्ही सुया लागलेल्या हातासकट कोपरावर उठत, ताई त्या मुलीला म्हणाली, "अहो, त्याला जरा हळू टोचा हं."